पंगतीतले प्रश्न

सर कुठल्याही परिषदेला गेले की सभागृहात जात नसत. दारावर नाव नोंदवायचे, गळ्यात अडकवायला दिलेलं ओळखपत्र घडी करून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि चहाचं टेबल जिथे मांडलं असेल त्याच्या जवळची एखादी भिंत शोधायचे. भिंतीला विजेचा पॉइंट असला पाहिजे, एवढीच अट. मग पाठीवरच्या पिशवीतून त्यांचा एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर निघायचा. मूळचा पांढरा, आता कडेने पिवळा पडलेला, लांबलचक वायरचा. वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती भिंतीच्या कडेने नीट लावून घ्यायचे, एक खुर्ची ओढायचे आणि बसायचे. आत मोठमोठे लोक बोलत असायचे. हे बाहेर.

पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला, सगळीकडे हाच प्रकार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोर्डाची सगळी भोकं लॅपटॉपच्या चार्जरनी भरलेली असायची आणि भोवती माणसं फरशीवर मांडी घालून बसलेली असायची. कुणी मोठ्या कंपनीतला, कुणी नुकताच कॉलेजातून सुटलेला. सर प्रत्येकाला एकच विचारायचे, सध्या कुठे अडलंय? समोरचा आधी हसायचा, मग खरोखरच सांगायला लागायचा.

"बॅटरी संपत आलेला माणूस नम्र असतो," सर म्हणायचे. "तो बसतो. आणि बसला की बोलतो."

मी आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि कंपनी मला अशा परिषदांना पाठवते. थंडगार हॉल, निळे दिवे, भिंतीएवढा पडदा, आणि पहिल्या पाच मिनिटांत हशा पिकलाच पाहिजे म्हणून पाठ केलेले विनोद. वाईट काही नसतं. बोलणारी माणसं हुशार असतात, जेवण चांगलं असतं, येताना पिशवीभर वस्तू मिळतात. तरी दुपारनंतर मला थकवा येतो. ज्यांच्याशी बोलावं असं वाटतं ती माणसं सुद्धा थकलेलीच दिसतात. प्रत्येक जण फोनमध्ये बघत चहा पितो. तेव्हा मला सर आठवतात. ते आता निवृत्त आहेत, राहुरीला असतात, गुडघ्यांनी बेजार आहेत आणि फोन फारसा उचलत नाहीत.

आमचं कॉलेज नगर-मनमाड रस्त्यावर. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच इमारत. सर तिथे कॉम्प्युटर विभागात शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट कायम बाहेर. त्यांच्या तासाला एक विचित्र नियम होता. मध्यावर ते थांबायचे आणि वाट बघायचे. कुणी काही विचारलं नाही तर खडू ठेवून निघून जायचे. रागावून नाही, अगदी शांतपणे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दुकानदार जसा बाहेर येऊन बाकड्यावर बसतो, तसे व्हरांड्यात जाऊन बसायचे. मग आम्हीच घाबरून एखाद्याला प्रश्न देऊन बाहेर पाठवायचो.

प्रोग्रॅम चालला नाही म्हणून कुणी त्यांच्याकडे गेलं तर ते स्क्रीनकडे बघत नसत. डोळे मिटायचे आणि म्हणायचे, वाच. पडद्यावर आलेला, चूक दाखवणारा संदेश पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. आमचं इंग्रजी कच्चं, त्यामुळे वाचताना लाज वाटायची. पण गावात लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्याला आलेलं पत्र आपण जसं वाचून दाखवतो तसं ते ऐकायचे, मधेच 'परत' म्हणायचे. बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीपर्यंत आमचं आम्हालाच कळायचं की घोळ कुठे आहे. सर डोळे उघडायचे आणि म्हणायचे, जा.

मी पुणतांब्याचा. वडील टेम्पो चालवायचे, आई शेतात जायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे मी पहिला. तिसऱ्या वर्षाला असताना सर आम्हा तिघांना पुण्यातल्या एका परिषदेला घेऊन गेले. हॉटेल एवढं मोठं की मी आत शिरताना चपला कुठे काढायच्या ते बघत होतो. पहिलं भाषण ऐकलं, त्यातलं मला निम्मंही समजलं नाही. दुसऱ्याला तर झोप यायला लागली, आणि झोप येतेय याचीच भीती वाटली, कारण आपल्यावर कुणीतरी खर्च केलाय आणि आपण डुलक्या घेतोय. बाहेर आलो तर सर त्यांच्या भिंतीपाशी. शेजारी करड्या केसांच्या एक बाई फरशीवर बसून लॅपटॉप चार्ज करत होत्या. मूळच्या नागपूरच्या, बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर. सरांनी माझं नाव सांगितलं नाही, कॉलेज सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "हा पोरगा पंधरवडा झाला एका ठिकाणी अडलाय. ऐका तरी."

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. त्या म्हणाल्या, मराठीत सांग की. मग मी सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मी पण इथेच अडले होते, आणि तू पंधरवडा म्हणतोस, मी महिना घालवला होता. पुढे त्यांनी काय उपाय सांगितला तो आज मला आठवत नाही, पण ते वाक्य आठवतं. एवढ्या मोठ्या बाई माझ्याच दगडाला ठेचकाळल्या होत्या, हे कळल्यावर मला वाटलं की आपणही या रस्त्यावर चालू शकतो. परतीच्या एसटीत सरांनी विचारलं, काय ऐकलंस? मी भाषणांची नावं सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, भाषणं नंतर घरी बसून इंटरनेटवर बघता येतात. भेटलं कोण ते सांग. मी त्या बाईंचं सांगितलं. मग ते खिडकीला डोकं टेकून झोपले.

सगळ्या मुलांना पुण्याला आणि बंगळुरूला नेणं शक्य नव्हतं, म्हणून सरांनी बाहेरच्या लोकांना आपल्याकडे आणायचं ठरवलं. वर्षातून एकदा, एक दिवस. त्याला ते परिषद म्हणत नसत, मेळावा म्हणत. जागा ठरली कोल्हारच्या एका मंगल कार्यालयाची. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालय मोकळं पडलेलं असतं.

कार्यालयाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळा गाव मामा म्हणायचा, त्यांना पहिल्या वर्षी हे काय आहे तेच समजेना. लग्न नाही, साखरपुडा नाही, जावळ नाही. शेवटी ते म्हणाले, "व्हय, पन सर, पावनं कोनाकडचं समजायचं? मला पानी कुठल्या बाजूला आधी द्यायचं ते ठरवावं लागतं." सरांनी सांगितलं, जो कुणी वैतागलेला दिसेल त्याला आधी द्या. मामांनी ते मनावर घेतलं. दिवसभर तांब्या-भांडं घेऊन हॉलभर फिरायचे आणि ज्याचा प्रोग्रॅम चालत नाही त्याच्या शेजारी पाणी ठेवायचे. शिवाय त्या हॉलच्या पंख्यांचं आणि दारावरच्या सनईच्या रेकॉर्डचं बटण एकच होतं. पंखे लावले की सनई वाजायची. त्यामुळे आमचा मेळावा दर वर्षी सनईच्या सुरात सुरू व्हायचा आणि पुण्याहून आलेले पाहुणे दचकून मागे बघायचे.

नियम सरांचे. व्यासपीठ नाही. बॅनर नाही. दीपप्रज्वलन नाही. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, उचलून कुठेही नेता येतील अशा. बोलणाऱ्याने आपल्या कामात काय जमलं ते सांगायचं नाही, काय बिघडलं ते सांगायचं. आणि बोलून झालं की निघून जायचं नाही, पंगत उठेपर्यंत थांबायचं. अक्षता टाकून गाडीत बसणारा पाहुणा त्यांना अजिबात चालत नसे. एका मोठ्या कंपनीच्या माणसाने दुपारी विमान आहे म्हणून सांगितलं, तर सरांनी त्याला फोनवर नम्रपणे सांगितलं की मग तुम्ही पुढच्या वर्षी या.

पण मेळाव्याचा जीव होता तो पंगतीत. सरांच्या लक्षात आलं होतं की आपली मुलं हॉलमध्ये प्रश्न विचारत नाहीत. वक्ता बोलून थांबला की शांतता. माईक फिरवला की तो गरम तव्यासारखा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून त्यांनी हॉलमधले प्रश्न बंदच केले. वक्त्यांच्या हातात आमटीची बादली दिली.

खरंच दिली. जमिनीवर पट्ट्या अंथरून पंगत बसायची, पत्रावळ्या मांडल्या जायच्या, आणि सकाळी बोललेले सगळे वक्ते वाढपी. भाषण देणाऱ्याने आमटी, भात, बुंदी, मठ्ठा घेऊन ओळीने फिरायचं. वाढायला वाकलं की पोरांची तोंडं सुटायची. 'आमटी नको सर, पण तुम्ही म्हणाला ते सर्व्हर बंद पडल्यावर आधी काय केलं?' एक जण विचारायचा, आणि वक्ता पळी हातात धरून उकिडवा बसायचा. पुढच्या ओळीतले ओरडायचे, इकडे भात येऊ द्या. माईक समोर आला की ज्यांचा आवाज जायचा, त्याच पोरांचा आवाज हातात भाताचा घास असला की मोकळा व्हायचा. एकदा पुण्याच्या एका तरुण वक्त्याला एका मुलीने असा काही प्रश्न विचारला की विचार करता करता त्याने तिची पत्रावळ आमटीने भरली, ती पट्टीवर वाहायला लागली, तरी तो वाढतच होता. मुलगी म्हणाली, "दादा, उत्तर राहू द्या, आधी पळी थांबवा." त्या माणसाने पुढे आठ-दहा जणांना आपल्या कंपनीत घेतलं. अजूनही भेटला की त्या आमटीबद्दल बोलतो, त्याच्या स्वतःच्या भाषणाबद्दल नाही.

असे मेळावे काही वर्षं झाले. आम्ही जुने विद्यार्थी सुट्टी काढून जायचो, खुर्च्या उचलायचो, पट्ट्या झाडायचो. शेवटच्या मेळाव्याचं मात्र वेगळं झालं, आणि सरांचं नाव निघालं की मला तोच आधी दिसतो.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने नवीन सभागृह बांधलं होतं. मोठं, उतरत्या पायऱ्यांचं, लाल गादीच्या खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या. एसीचे पत्रे छतातून फिरवले होते, यंत्रं अजून बसायची होती. संस्थेचे सचिव काही वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की सरांचं काम मोठं आहे आणि ते एका कार्यालयात आचाऱ्याच्या मागे लपून राहिलंय. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की यंदा मेळावा आपल्या सभागृहात, रीतसर. उद्घाटन, पाहुणे, सगळं संस्था बघेल. सर म्हणाले, कोल्हारलाच बरं आहे. तेव्हा सचिवांनी हळूच दुसरी बाजू सांगितली. कॉलेजचा कार्यक्रम नसेल तर मुलांना त्या दिवशीची हजेरी मिळणार नाही, आणि वसतिगृहातल्या मुलींना बाहेर जायची परवानगी देता येणार नाही.

त्यांनी हे धमकी म्हणून म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण सरांच्या दृष्टीने तिथेच सगळं ठरलं, कारण मनीषा वसतिगृहात राहत होती.

मनीषा पाथर्डीकडची. आई-वडील दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे, ती आजीकडे राहून शिकलेली. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, आणि सरांच्या तासाला व्हरांड्यात प्रश्न घेऊन पाठवायची वेळ आली की मुली तिला पाठवायच्या, कारण ती न रडता परत यायची. सरांनी ठरवलं होतं की या वर्षी मेळाव्यात ती बोलेल. तिच्या आधी विद्यार्थ्यांपैकी कुणी बोललं नव्हतं. ती इंटरनेटवरून एक भारी विषय घेऊन आली, सरांनी नको म्हटलं. दुसरा आणला, नको म्हटलं. तुझ्या हातून काय बिघडलं ते सांग, एवढंच म्हणत राहिले. ती म्हणायची, माझं काय बिघडणार, मी केलंय काय अजून. असे कितीतरी आठवडे गेले. मग एकदा लॅबमध्ये तिने सहज एक गोष्ट सांगितली. सरांनी ती डोळे मिटून ऐकली, दोनदा 'परत' म्हणाले, आणि हेच सांग म्हणाले.

सभागृहाला हो म्हटल्यावर त्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, सर, आपण रविवारी कोल्हारला घेऊ की, हजेरीचा प्रश्नच नाही. आम्ही सगळे येतो.

"तुम्ही याल रे," ते म्हणाले. "ती कशी येणार?"

त्यांनी सचिवांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. मनीषाला बोलायला वेळ मिळेल, आणि सरांचा स्वतःचा सत्कार होणार नाही. सत्काराचं त्यांना वावडंच होतं. कॉलेजच्या कुठल्याही कार्यक्रमात शाल-श्रीफळाचं तबक दिसलं की ते जनरेटर बघून येतो म्हणून बाहेर जायचे. जनरेटर चांगला चालू असायचा.

त्या दिवशी मी सकाळीच पोहोचलो. दारात रांगोळी, कमान, सरांच्या नावाचा फलक. सर एका खांबाजवळ उभे होते, परक्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे. मनीषा बाजूच्या खुर्चीत, निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, लॅपटॉप मांडीवर घेऊन ओठ हलवत होती. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग सत्कार सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांचा, विशेष पाहुण्यांचा, प्रायोजक कंपनीच्या दोघांचा, सभागृह बांधणाऱ्या ठेकेदाराचा, त्याच्या आर्किटेक्टचा, व्यासपीठावर जागा न मिळालेल्या पण नाव घेतलं नाही तर वाईट वाटेल अशांचा. प्रत्येकाचा परिचय वाचला जात होता. मुलं टाळ्या वाजवत होती, आधी मनापासून, मग सवयीने. हवा कोंदट झाली होती. पुण्याच्या वक्त्यांनी आपापली भाषणं निम्म्यावर आणली. प्रश्नांना वेळ नव्हताच.

जेवणाची वेळ जवळ आली तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाई, आमच्याच कॉलेजच्या प्राध्यापक, कागद घेऊन सरांकडे आल्या. संकोचून म्हणाल्या की विद्यार्थिनीचं भाषण वेळेअभावी रद्द करावं लागतंय, तिला प्रमाणपत्र मात्र देऊ. मनीषाने ते ऐकलं. तिने लॅपटॉप बंद केला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ते न दिसणं मला चांगलं ओळखीचं होतं. आमच्याकडची मुलं अशा वेळी लगेच समजूतदार होतात.

"सर, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई उशीर झालाय. लोकं बी भुकेजलेत."

सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. बाईंना विचारलं, अजून काय काय बाकी आहे? बाईंनी वाचलं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आभार, राष्ट्रगीत. मग जरा चाचरत म्हणाल्या, तुमचा सत्कार होता सर, पण तुम्ही नको म्हणालात म्हणून काढून टाकला. शाल आणलेली आहे.

"घ्या तो," सर म्हणाले.

बाईंना आधी खरं वाटेना. मग त्या लगबगीने वर गेल्या आणि सचिवांच्या कानात सांगितलं. सचिवांचा चेहरा इतका खुलला की मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. नाव पुकारलं गेलं. सर पायऱ्या चढले, एकेका पायरीवर गुडघ्याला हात देत. परिचय वाचला गेला, त्यातलं निम्मं त्यांना स्वतःलाही माहीत नसावं. जाड लोकरीची शाल खांद्यावर पडली, हातात नारळ आला, गुच्छ आला. फोटो निघाले. सरांनी फोटोसाठी मान सुद्धा वर केली. पुढे रीतीप्रमाणे बाई म्हणाल्या, आता सत्कारमूर्तींनी आपलं मनोगत व्यक्त करावं अशी मी त्यांना विनंती करते.

सत्कारमूर्तीचं मनोगत ही आपल्याकडे अशी गोष्ट आहे की ती आवरती घ्या असं कुणी म्हणत नाही. चिठ्ठी पाठवत नाही, घड्याळ दाखवत नाही. सरांनी माईक घेतला.

"मला बोलायला दिलंत, आभारी आहे," ते म्हणाले. "माझं मनोगत मनीषा सांगेल. ये गं वर."

आणि ते व्यासपीठावरच्या खुर्चीत जाऊन बसले. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर. सचिवांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी कागदाकडे. करण्यासारखं काहीच नव्हतं. सत्कार चालू होता.

मनीषा वर गेली तेव्हा मला वाटलं, ती बोलूच शकणार नाही. लॅपटॉप पडद्याला जोडला जाईना. तिने तो बाजूला ठेवला. पहिली दोन वाक्यं इंग्रजीत, पाठ केलेली. ती अडकली. मग तिने सरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, लॅबमध्ये मिटायचे तसे. ती सरांना सांगावं तसं सांगू लागली.

तिचे मामा मुकादम, ऊसतोडीची टोळी घेऊन जाणारे. टोळीत कोण कुठल्या फडात होतं याची नोंद ठेवायला तिने त्यांच्या मोबाईलवर चालणारा एक प्रोग्रॅम केला होता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हे ती लहानपणापासून बघत आलेली, म्हणून तिने प्रत्येक कोयत्यासाठी दोन नावांचे रकाने केले आणि दोन्ही सक्तीचे केले. एक जरी मोकळा राहिला तरी नोंद होणार नाही. तिला वाटलं, पक्कं काम झालं. त्या वर्षी तिच्या वडिलांची पाठ धरली आणि ते घरीच राहिले. आई एकटी गेली. एकटं माणूस गेलं तर त्याला अर्धा कोयता म्हणतात.

"आन् माझ्या प्रोग्रॅमला अर्धा कोयता कळत नव्हता," मनीषा म्हणाली. "आईची हजेरीच लागंना. मामा म्हनला, दुसरं नाव पायजे. मग आईनं माझं नाव सांगितलं. दुसरं कोनाचं सांगनार? मी इथं हॉस्टेलवर आकडे बघायला उघडलं तर रोज माझी हजेरी. इथं वर्गात बी हजर, तिथं फडात बी हजर."

काही मुलं हसली. ती पण हसली.

"चूक आईची न्हाई. मामाची बी न्हाई. मी रकाना सक्तीचा केला, म्हनून तिला खोटं बोलावं लागलं. आपन लिहितो तवा आपल्याला वाटतं, सगळं भरलं म्हंजी खरं भरलं."

पुढे तिने तो रकाना कसा मोकळा सोडला, जुन्या नोंदी कशा दुरुस्त केल्या, हे थोडक्यात सांगितलं. मी त्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. रकाना सक्तीचा करावा की नाही यावर मोठ्या कंपन्यांमध्ये आम्ही तासन् तास वाद घालतो. तिच्याइतकं सरळ मला कुणी सांगितलेलं नाही.

पण ऐकणारे फार उरले नव्हते. मागच्या दारातून जेवणाचा वास येत होता आणि मागच्या रांगा गळायला लागल्या होत्या. पुढे पाहुणे एकमेकांत कुजबुजत होते. तिने 'एवढंच' म्हटलं आणि टाळ्या वाजल्या, जेवढ्या वाजायच्या तेवढ्या. बाई माईककडे निघाल्या.

सर उठले नाहीत. उठले असते तर सत्कार संपला असता. ते तसेच बसून राहिले. कपाळावरून घाम कानाकडे उतरत होता, शर्ट शालीखाली भिजला असणार. मी बाजूच्या पायऱ्यांनी वर गेलो, त्यांच्या मांडीवरचा नारळ घेतला आणि हळूच म्हणालो, "सर, झालं. शाल काढा आता, घामाघूम झालात."

"थांब," ते म्हणाले. "प्रश्न व्हायचेत."

बाई मधेच उभ्या राहिल्या. सत्कारमूर्ती बसलेले असताना आभार कसे मानायचे? त्या कागद हातात घेऊन थांबल्या. सभागृहात शांतता पसरली. ती मी कॉलेजच्या दिवसांपासून ओळखत होतो. पहिला कोण, याची वाट बघणारी, आणि आपण नाही, असं प्रत्येकाने ठरवलेली. मनीषा माईकजवळ उभी होती. कुठे बघावं ते तिला कळत नव्हतं. सरांचा श्वास जोरात चालला होता. मला त्या क्षणी सगळ्याचाच शीण आला. त्या जखडलेल्या खुर्च्यांचा, त्या जाड शालीचा, आणि सरांच्या त्या वाट बघण्याचाही.

मग वरच्या रांगांमधून कुणीतरी काहीतरी बोललं. एक मुलगी अर्धवट उभी राहिली होती. माईक तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता आणि खुर्च्यांमधून तिला पुढे येता येत नव्हतं. मनीषाने "काय?" असं विचारलं. ती मुलगी पुन्हा बोलली. पुन्हा ऐकू आलं नाही. मनीषाने माईक स्टँडला लावला, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने वर चढत गेली. त्या मुलीच्या रांगेपाशी पोहोचून ती शेजारच्या खुर्चीच्या हातावर बसली. पुढच्या रांगेतली दोन पोरं मागे वळली. दारापर्यंत गेलेला एक जण परत आला आणि त्यांच्या डोक्यावरून वाकून ऐकायला लागला. कुणीतरी हात करून मधेच काही बोललं, मनीषाने मान हलवून नाही म्हटलं, तिने हवेत बोटाने दोन चौकोन काढले आणि एक पुसला.

सरांनी कानामागे हात धरला होता. बराच वेळ तसाच धरून बसले.

"तुला ऐकू येतंय का रे काही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, सर."

"मग बरं चाललंय," ते म्हणाले, आणि त्यांनी शाल काढली.